पडवीची मुंज

आमच्या गावाच्या पश्चिमेला जो उघडा डोंगर आहे, त्याच्या पठारावर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. सकाळी स्नान उरकून मी वेशीवरच्या मारुतीकडे निघतो, तेव्हा सूर्याचा पहिला प्रकाश त्यांच्या पात्यांच्या टोकांना लागतो आणि मग सावकाश उतरत गावातल्या पत्र्यांवर येतो. हे दृश्य सुंदर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे लिहायचे आहे त्यावरून मला त्या यंत्रांचा राग आहे असा कोणाचा समज होईल, आणि तो खोटा ठरेल. ज्या वायूला आम्ही रोजच्या पाठात प्रत्यक्ष देव म्हणून वंदन करतो तो माणसाच्या उपयोगी पडावा, त्यासाठी कोळसा जळू नये, धूर निघू नये, यात मला धर्माच्या विरुद्ध काही दिसले नाही. धर्माच्या विरुद्ध जे झाले ते खाली, वेशीच्या वळणावर झाले. त्यात वाऱ्याचा काही दोष नव्हता.

डोंगरावर प्रथम एक बारीक, उंच खांब आला. त्याच्या अंगावर वाट्यांच्या छोट्या भिंगऱ्या फिरत असत. वर्षभर तो नुसता उभा होता. कंपनीचा अभियंता, विदर्भाकडचा एक सालस तरुण, मला म्हणाला, ‘‘गुरुजी, आधी वर्षभर वाऱ्याची नाडी बघतो, मग औषध ठरवतो.’’ आषाढ-श्रावणात आमच्याकडे पाऊस बेताचा; वारा मात्र असा सुटतो की पत्र्यांवर दगड ठेवावे लागतात. ढग पुण्याकडून येतात आणि थांबायला सवड नसल्यासारखे नगरकडे निघून जातात. त्या वाऱ्याला गावाने पिढ्यानपिढ्या शिव्याच दिल्या होत्या. आता कोणी लांबून येऊन त्याचेच मोजमाप घेतो आहे, याची गावाला आधी गंमत वाटली आणि पुढे अभिमान वाटू लागला. पारावर नित्य बसणारे एक शेतकरी आहेत, त्यांना सारे आप्पा म्हणतात. त्यांची जीभ मोठी तिखट. मला पाहिले की ते म्हणत, ‘‘काय आबा, मारुतीच्या बापाला कंपनीनं कामाला लावला म्हना की! आता लेकाला बी एखादी शिफ्ट देत्यात का इचारा.’’

‘‘अहो आप्पा, बाप कामाला लागला तर लेकाला आनंदच होईल.’’

‘‘व्हय, पन रांजणगावच्या कारखान्यातल्या पोरांवानी त्याला बी कायम करायचे न्हाईत, बघा तुम्ही.’’

गावाची खरी आशा विजेची होती. शेतीपंपांना वीज बहुधा रात्री मिळते, आणि अंधारात पाणी धरताना पायाखाली काय येईल याचा नेम नसतो. पवनचक्क्या आल्या की दिवसा वीज मिळेल असे जो तो बोलू लागला. अभियंत्याने मात्र खोटी आशा दाखवली नाही. इथे तयार झालेली वीज मोठ्या तारांत मिसळेल, तारेत गेल्यावर ती कोणत्या गावाची हे सांगता येत नाही, असे त्याने ग्रामसभेत स्पष्ट सांगितले. तरीही गाव राजी झाले. पठारावरचा मोकळा माळ देण्यात कोणाचे पीक जात नव्हते, आणि आपल्या डोंगरावर काही उभे राहते आहे याचे सुख लोकांना हवे होते.

अडचण आली ती वाटेची. पवनचक्कीचे पाते डोंगरावर तयार होत नाही. ते अखंड, जसेच्या तसे रस्त्याने आणावे लागते. शिरूरच्या बाजूने येणारा रस्ता आमच्या वेशीपाशी काटकोनात वळतो. त्या वळणाच्या आतल्या कोपऱ्याला पिंपळ आहे आणि त्याला दगडी पार बांधलेला आहे. समोरच्या अंगाला चाचांचे घर आणि त्या घराची पडवी होती.

चाचा पिंजारी आहेत. त्यांची कितवी पिढी गावात आहे हे त्यांनाही सांगता येणार नाही. आमच्या घरातील प्रत्येक गादी, प्रत्येक उशी त्यांच्या किंवा त्यांच्या वडिलांच्या हातची. वयाने ते माझ्याबरोबरीचे. मुले त्यांना चाचा म्हणू लागली तसे आम्ही म्हातारेही म्हणू लागलो. पडवीत त्यांचे कापूस पिंजण्याचे विजेवरचे यंत्र होते. आयुष्यभर कापसाची पिंज नाकातोंडात गेल्याने त्यांना दमा जडला आहे. घरात यंत्र लावले तर श्वास कोंडतो, म्हणून तीन बाजूंनी उघडी असलेली ती पडवी म्हणजेच त्यांचा धंदा. मुलगा दौंडला असतो, तिथे बाजारात त्याचे गादीचे दुकान आहे. ‘‘अब्बा, इकडेच चला,’’ असे तो कित्येक वर्षे म्हणतो. चाचा जात नाहीत. त्यांची पत्नी ओढ्यापलीकडच्या कबरस्तानात आहे, आणि दर शुक्रवारी ते तिथे जाऊन बसतात. पडवी आहे तोवर हात चालतात, हात चालतात तोवर मुलाला नाही म्हणता येते, एवढा सरळ त्यांचा हिशेब होता आणि तो गावात सर्वांना ठाऊक होता. मलाही ठाऊक होता.

अभियंत्याने वळणावर येऊन चुन्याच्या फक्कीने जमिनीवर दोन वाकड्या रेघा काढल्या. एक पाराच्या कोपऱ्यावरून जात होती, दुसरी चाचांच्या पडवीतून. दोहोंपैकी एक जागा मोकळी झाली की पाते वळेल, असे तो म्हणाला. संध्याकाळी गाव पारावर जमले. सरपंच, आप्पा, तरुण मंडळी, कडेला चाचा. मला मधोमध बसवले गेले.

इथे पिंपळाविषयी सांगावे लागेल. तो पिंपळ गावातील एका निपुत्रिक दांपत्याने लावला होता. आमच्याकडे अशी रीत आहे की ज्यांना मूल नाही त्यांनी अश्वत्थ लावावा, पुत्राप्रमाणे वाढवावा आणि योग्य वेळी त्याची मुंज करावी. त्या पिंपळाची मुंज मी लावली होती. खोडाला दर्भाची मेखला आणि यज्ञोपवीत घातले होते, मंगलाष्टके झाली होती, त्या माउलीने भिक्षावळ घातली होती आणि गाव जेवले होते. नंतर त्या दांपत्याने पार बांधला. आज ती दोघेही नाहीत.

सरपंचांनी हात जोडून मला विचारले, ‘‘आबा, तुमी शास्तर जानता. मुंज झालेल्या पिंपळाला हात लावता येतो का?’’

मी म्हणालो, ‘‘मुंज झालेला अश्वत्थ द्विज मानावा. त्याला शस्त्र लावणे हे ब्रह्महत्येसमान पातक आहे.’’

सभा एकदम निःशब्द झाली. दोघाचौघांनी पिंपळाकडे पाहून कानाला हात लावले. मी जे बोललो त्यात एकही अक्षर असत्य नव्हते. परंतु चुन्याची रेघ माझ्या पायांपासून हातभर अंतरावर होती आणि मला स्वच्छ दिसत होते की ती पिंपळाला शिवतसुद्धा नव्हती. ती पाराच्या कोपऱ्यातल्या दगडांवरून जात होती. दगडांची मुंज झालेली नव्हती. दगड हलवायचे तर त्यालाही विधी आहे: देवतेची अनुज्ञा मागावी, कलश मांडावा, दगड उतरवून शुद्ध जागी ठेवावेत, काम झाले की पुन्हा रचून शांती करावी. हे मी जाणत होतो. असे विधी मी स्वतः केले आहेत. मला जे विचारले त्याचे उत्तर मी दिले. जे विचारायला हवे होते ते कोणी विचारले नाही, आणि मी आपण होऊन सांगितले नाही. का सांगितले नाही? याचे उत्तर फार क्षुद्र आहे. माझ्या वाक्यानंतर जी शांतता पसरली होती ती मला गोड लागली होती. अलीकडे मुहूर्तसुद्धा लोक मोबाइलवर बघतात. अशा काळात एका वाक्याने सारे गाव हात जोडते, ही गोष्ट ‘परंतु’ म्हणून मोडावी असे मला वाटले नाही.

‘‘मंग ठरलं,’’ सरपंच म्हणाले. ‘‘चाचा, तुमची पडवी तेवढी काढू. टावर उभं ऱ्हायलं की कंपनी हाय तशी बांधून देईल. काय सायेब?’’

अभियंत्याने मान डोलावली. चाचांनीही डोलावली. गावाने विचारल्यावर त्यांनी दुसरे काय करायचे होते?

पहिले पाते आले तो दिवस गावाला जत्रेसारखा गेला. शाळेला सुटी दिली होती. विजेचा प्रवाह बंद करून माणसे लांब बांबूंनी तारा वर उचलून धरत होती. पुढे लाल निशाणाची जीप, मागे ती अजस्र गाडी, तिच्या पाठीवर ते पांढरे, निमुळते, किंचित वळलेले पाते. एखाद्या महाकाय पक्ष्याचे गळलेले पीस कोणी जपून नेत असावे, तसे ते दिसत होते. गाडीच्या मागच्या चाकांना वळवणारा माणूस हातात छोटी पेटी घेऊन पायी चालत होता आणि पुढच्या चालकाला ओरडून सांगत होता, ‘‘आने दो, आने दो, धीरे, बस!’’ पाते वळले. त्याचे टोक पडवीच्या मोकळ्या झालेल्या जागेवरून, चाचांच्या दाराच्या चौकटीपुढून, अलगद सरकत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी पात्यावर दुरून हळदकुंकू उधळले.

चाचा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांच्या पडवीचे पत्रे आणि वासे घराच्या भिंतीला टेकवून ठेवले होते, यंत्रावर गोणपाट टाकलेले होते. मला पाहून ते हसले.

‘‘आबा, एक चूक झाली बघा आपली.’’

‘‘काय हो?’’

‘‘पडवीची मुंज करायची ऱ्हायली. तवाच केली असती तुमच्या हातनं, तर आज वाचली असती.’’

आसपासचे चारचौघे हसले. आप्पा तर मांडीवर हात मारून हसले. मीही हसलो. हसता हसता माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते रागाने बोलले नव्हते. चाचा असेच बोलतात, मनात काही न ठेवता. परंतु त्या दिवसापासून मला त्यांच्या दारावरून जाताना मान वर करता येईना.

घरी मी हे सारे पत्नीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘दगड हलवता येतात हे तुम्हाला तेव्हा आठवलं नव्हतं?’’

‘‘मला ते विचारलं नव्हतं.’’

‘‘हे उत्तर गावाला द्या हो. मला नका देऊ.’’ आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

एका पवनचक्कीला तीन पाती लागतात, आणि पठारावर उभ्या राहायच्या त्या अनेक. पाती सलग येत नसत. एक आले की पुढचे कधी येईल याचा भरवसा नसे, त्यामुळे पडवीची जागा मोकळी ठेवावी लागे. थंडी सुरू झाली. थंडीचे आणि त्यापाठोपाठ येणारे लग्नसराईचे दिवस हेच पिंजाऱ्याच्या कामाचे दिवस. चाचा दारासमोर उघड्यावर यंत्र लावून पाहत. वाऱ्याने कापूस उडे, रस्त्यावरच्या दुचाकीवाल्यांच्या तोंडावर जाई, मग ते यंत्र बंद करीत. गिऱ्हाइके शिरूरहून तयार गाद्या आणू लागली. दौंडहून मुलगा दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्याने मोटारीत यंत्र चढवायची तयारी केली होती असे ऐकले. चाचांनी त्याला रिकामा परत पाठवला, पण या वेळी नुसते ‘‘बघू’’ म्हणाले. याआधी त्यांनी कधी ‘‘बघू’’ म्हटले नव्हते.

मी सरपंचांकडे गेलो. माझे उत्तर अपुरे होते, पाराचा कोपरा विधीपूर्वक उतरवता येतो, राहिलेली पाती तिकडून वळवावीत आणि चाचांची पडवी आताच उभी करावी, असे सांगितले. सरपंच मानी पण मृदू गृहस्थ आहेत. त्यांनी चहा मागवला.

‘‘आबा, आता कसं सांगू तुमाला. गाव बसलं, ठरलं. तुमी शबूद दिला आन् गावानं तो उचलला. आता तुमीच फिरवला तर उद्या तुमच्या शबदाला कोन इचारंल?’’

त्यांनी माझी नस बरोबर धरली होती. चहा पिऊन मी उठलो आणि येताना पाराशी थांबलो. तरुणांनी पाराला भगवा रंग दिला होता. पिंपळाला एक पाटी बांधली होती: ‘हा पार पवित्र आहे. हात लावू नये.’ पूर्वी त्या पारावर शेळ्या बसत, पत्ते चालत, चाचासुद्धा दुपारी तिथेच अंग टाकत. मी पिंपळाविषयी एक वाक्य बोललो होतो. ते दगडांपर्यंत पसरले होते, आणि आता त्यापायी पारावरून काही माणसेही गळू लागली होती. चाचा पारावर बसायचे बंद झाले होते. त्यांना कोणी मनाई केली नव्हती.

त्यानंतर मी चाचांकडे गेलो. ते दाराच्या उंबऱ्याशी एका जुन्या रजईला टाके घालत होते.

‘‘मी उद्या सकाळी कलश मांडतो आणि कोपऱ्याचा पहिला दगड माझ्या हाताने काढतो,’’ मी म्हणालो. ‘‘माझ्या हाताने काढलेल्या दगडाला कोण काय म्हणेल?’’

त्यांनी सुई थांबवली. ‘‘तुमाला न्हाई म्हननार कोनी. मला म्हनतील.’’

‘‘तुमचा काय संबंध?’’

‘‘आबा, दगड कुनासाठी हलला, हे पोरं इचारनारच की. चाचाच्या पडवीसाठी हलला. मंग मी कुठं ऱ्हाऊ सांगा? असू द्या. पार हाय तिथं असू द्या.’’

मी म्हणालो, ‘‘मग माझी ओसरी घ्या. तीन बाजूंनी उघडी आहे. यंत्र तिथे लावा, पाहिजे तितके दिवस.’’

‘‘आन् तुमच्या देवावर कापूस उडंल त्याचं?’’

‘‘उडू दे.’’

ते हसले. ‘‘ओसरी तुमची, आबा. गिऱ्हाईक कोपऱ्याचं हाय. मान्सं वळनावर गाडी हळू करत्यात, तवा त्यांना गादी आठवते. तुमच्या बोळात कोन येनार? श्राद्धाचं इचारायला येतील ते.’’

मी तसाच परतलो. ज्याचे नुकसान केले त्यानेच माझी समजूत काढावी, आणि मी ती काढून घ्यावी, असा तो प्रसंग होता.

माघ उलटता उलटता शेवटचे पाते डोंगरावर चढले. पठारावरून क्रेन उतरल्या. पवनचक्क्या सुरू करायच्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी मंडप पडला; कंपनीचे अधिकारी, गावची मंडळी, शिरूरहून आलेले पाहुणे. पूजा मलाच सांगितली होती. चाचांची पडवी अजून भिंतीला टेकलेलीच होती. ठेकेदार म्हणत होता की मोठी दुरुस्ती निघाली तर क्रेन पुन्हा याच वाटेने आणावी लागेल, तेव्हा कोपरा मोकळाच ठेवलेला बरा.

संकल्पाच्या आधी सरपंचांनी मला शाल आणि श्रीफळ दिले. ‘‘आबांच्या मार्गदर्शनामुळं आपल्या पाराचं पावित्र्य राखून हे काम झालं,’’ असे ते माईकवर म्हणाले. टाळ्या झाल्या. मग माईक माझ्यापुढे धरला. मी शाल काढून पाटावर ठेवली.

मी म्हणालो, ‘‘पाराचे दगड हलवता येत होते. शास्त्राची हरकत नव्हती. मला हे त्या दिवशीही ठाऊक होते आणि मी सांगितले नाही. चाचांची पडवी माझ्या मौनामुळे पडली आहे. ती उभी करण्याचा शब्द या सर्वांनी दिला होता. तो पाळला जाईपर्यंत हा संकल्प माझ्या तोंडून निघणार नाही.’’

मंडपात कुजबुज झाली. आप्पांचा आवाज मागून आला, ‘‘म्हंजी आबा, पडवी वाऱ्यानं न्हाई, तुमच्या तोंडच्या वाऱ्यानं पडली म्हना की!’’

‘‘होय, आप्पा,’’ मी म्हणालो.

कोणी हसले नाही. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले. सरपंच तांबडेलाल झाले होते, पण पाहुण्यांसमोर त्यांनी सावरून घेतले. ‘‘उद्याच्या उद्या पडवी उभी करा,’’ ते ठेकेदाराला म्हणाले. ठेकेदाराने होकार दिला. अभियंता माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘‘मी स्वतः उभा राहून करून घेतो, गुरुजी.’’ मग मी पूजा सांगितली. दुपारी पाती फिरू लागली. त्या अवाढव्य यंत्राचे डोके वारा जिकडून येत होता तिकडे आपोआप वळले, हे मी पाहिले, आणि इतर कोणत्याही दिवशी ते पाहून मला हर्ष झाला असता.

दुसऱ्या दिवशी पडवी खरोखर उभी राहिली. अभियंता शब्दाप्रमाणे उभा होता. परंतु वळण मोकळे ठेवायचे म्हणून खांब आत घेतले गेले. पूर्वीच्या निम्मी पडवी झाली. यंत्र तिच्यात मावते. यंत्र चालवणारा मावत नाही. त्याला पत्र्याबाहेर, रस्त्याच्या कडेला, उन्हात बसावे लागते. मी चार दिवस तिकडे फिरकलो नाही. गावात लोक मला थांबवून म्हणू लागले होते, ‘‘आबा, मन मोठं लागतं असं चारचौघांत बोलायला.’’ एक गृहस्थ तर माझ्या पाया पडले. मंडपात चूक सांगितल्याने माझा मान कमी झाला नव्हता, वाढला होता. मला हे अपेक्षित नव्हते, असे शपथेवर मी म्हणू शकत नाही.

पाचव्या दिवशी गेलो. फाल्गुनाचे ऊन चांगलेच चढले होते. चाचा डोक्याला पंचा गुंडाळून यंत्रासमोर बसले होते. मला पाहून त्यांनी यंत्र बंद केले. नेहमीचे हसू नव्हते.

‘‘झालं ना काम?’’ मी विचारले.

‘‘झालं की. अर्धं झालं.’’ त्यांनी पंचा सोडून तोंड पुसले. ‘‘आबा, एक इचारू? सरपंचाच्या घरी जाऊन, दार लावून त्यांना आडवं धरता आलं नसतं का?’’

‘‘मी गेलो होतो.’’

‘‘व्हय, गेल्ता. च्या पिऊन आल्ता. आन् मंग मांडवात, सायबांम्होरं, माईकवर माझं नाव घेतलं. तुमचं मन मोकळं झालं. आता वळनावर कुनाची गाडी अडली की पोरं म्हनत्यात, चाचापायी अडली. तुमच्या शास्तराला माझ्यापायी खाली मान घालावी लागली म्हनत्यात. मांडवात बोलायच्या आधी मला इचारायचं तरी.’’

खरोखरच मी त्यांना विचारले नव्हते. दगड हलवायच्या वेळी विचारले होते आणि त्यांनी नको म्हटले होते. म्हणूनच कदाचित दुसऱ्यांदा विचारले नाही.

‘‘दौंडला जाणार का?’’ मी म्हणालो.

‘‘पोराला सांगितलंय, पावसाळा सरंपत्तोर बघतो. अर्ध्या पडवीत पावसात भागतं का ते बघायचं.’’ मग त्यांचा आवाज पूर्ववत झाला. मुळातच तो मऊ आहे. ‘‘बसा की. उन्हात नका उभं ऱ्हाऊ, तुमाला चक्कर येतीया.’’

त्यांनी यंत्र हाताने थोडे मागे ढकलले आणि पत्र्याखाली जागा केली. सावली एका माणसापुरती होती. त्यांनी तिथे पोते अंथरले. मी नको म्हणालो. त्यांनी पुन्हा म्हटले. मी बसलो. ते उन्हात बसून पुन्हा यंत्र चालवू लागले, आणि मी त्यांच्या सावलीत, बराच वेळ, तसाच बसून राहिलो.